सालिएरी खलनायक नव्हते, गुरू होते

माननीय संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत संगीतावरील चित्रपटांची ओळख करून देणारा जो लेख अलीकडे प्रसिद्ध झाला, त्यात मिलोश फॉर्मन यांच्या ‘अमाडेउस’ या १९८४ सालच्या चित्रपटाविषयी लिहिताना, अंतोनियो सालिएरी या व्हिएन्नाच्या दरबारी संगीतकाराने मत्सरापोटी थोर संगीतकार मोझार्टचा बळी घेतला, असे घडलेला इतिहास सांगावा तसे सांगितले आहे. लेखामागचा हेतू चांगला होता, आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताविषयी मराठीत चार ओळी छापून येणे ही मुळात आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु ज्यांच्याविषयी ते वाक्य लिहिले गेले, ते सालिएरी खरोखर होऊन गेलेले गृहस्थ आहेत. त्यांनी मोझार्ट यांचा जीव घेतल्याचा कसलाही पुरावा आजवर पुढे आलेला नाही. आणि संगीत शिकवणारा माणूस म्हणून त्यांची योग्यता एवढी मोठी आहे की, नाशिकमध्ये शास्त्रीय गायनाचे वर्ग घेणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून गप्प बसवले नाही. पत्र थोडे लांबेल, पण ते पूर्ण छापावे अशी विनंती आहे.

चित्रपटाविषयी माझ्या मनात आकस नाही, हे आधी सांगते. पीटर शॅफर यांचे नाटक १९७९ साली लंडनच्या रंगभूमीवर आले आणि त्यावरून त्यांनीच पुढे पटकथा लिहिली. फॉर्मन यांनी चित्रीकरणाचा बराचसा भाग प्रागमध्ये केला, आणि ज्या नाट्यगृहात मोझार्ट यांच्या ‘दॉन जोव्हान्नी’ या ऑपेराचा, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकाचा, पहिला प्रयोग २९ ऑक्टोबर १७८७ रोजी झाला, त्याच नाट्यगृहाच्या रंगमंचावर त्या ऑपेराचे प्रसंग चित्रित केले. चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाले. त्यांतील सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मोझार्टची भूमिका करणाऱ्या टॉम हल्स यांना न मिळता सालिएरीची भूमिका करणाऱ्या एफ. मरे अब्राहम यांना मिळाला, आणि तो योग्यच होता. संगीत ऐकणारा माणूस पडद्यावर इतक्या बारकाईने मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. म्हातारा सालिएरी पाद्र्याला मोझार्टच्या तेरा वाद्यांच्या सेरेनेड या वाद्यरचनेतील संथ भागाबद्दल सांगतो, तो प्रसंग मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवते. आधी बासून आणि बासेट हॉर्न या फुंकून वाजवायच्या वाद्यांची अगदी साधी, जागच्या जागी हलणारी चाल सुरू होते. तीत ऐकण्यासारखे काही आहे असे वाटतही नाही. मग खूप वरून ओबोचा एकच स्वर येतो, तो न थरथरता तसाच उभा राहतो, आणि तो सुटणार तोच क्लॅरिनेट त्याला हळूच आपल्याकडे घेते. चाल, ठहराव आणि हस्तांतर हे तीन क्षण तो म्हातारा हाताच्या बोटांनी हवेत दाखवतो. ज्या मुलांना षड्ज नीट लागण्याआधीच ताना घ्यायच्या असतात, त्यांना स्थिर लावलेल्या एका स्वराची किंमत या दोन मिनिटांत जेवढी कळते, तेवढी माझ्या तासाभराच्या बोलण्याने कळत नाही.

आणि हीच माझी पहिली तक्रार आहे. इतके नेमके ऐकणारा कान ज्याला दिला, त्याच माणसाला चित्रपटाने ‘सामान्य’ ठरवले. ज्याला स्वतःला फारसे काही जमत नाही, दुसऱ्याला मात्र देवाने भरभरून दिले आहे, आणि म्हणून जो देवावर उलटतो, असा सालिएरी शॅफर यांनी रंगवला. नाटकाच्या दृष्टीने ही कल्पना फार जोरकस आहे, यात वाद नाही. पण तिच्यासाठी खऱ्या सालिएरी यांचे जवळजवळ सगळे आयुष्य पुसून टाकावे लागले.

सालिएरी यांचा जन्म १८ ऑगस्ट १७५० रोजी उत्तर इटलीतील लेन्यागो या गावी झाला. आईवडील लवकर गेले. त्या पोरक्या मुलाचा आवाज आणि समज पाहून फ्लोरियान गासमान या संगीतकारांनी त्याला १७६६ साली आपल्याबरोबर व्हिएन्नाला नेले, घरी ठेवून घेतले आणि एक पैसा न घेता शिकवले. गुरुगृही राहून शिकणे म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्यांच्या हकिकती ज्या घरांत सांगितल्या गेल्या, त्या घरांना सालिएरी यांचे बालपण परके वाटणार नाही. गासमान १७७४ साली वारले, तेव्हा त्यांच्या दोन्ही मुलींच्या गाण्याच्या शिक्षणाची जबाबदारी सालिएरी यांनी उचलली, आणि त्या दोघीही पुढे गायिका झाल्या. आपण फुकट शिकलो, तेव्हा आपणही फुकट शिकवायचे, हे त्यांनी जन्मभर पाळले. ज्यांची ऐपत होती अशा मोजक्या श्रीमंतांकडून मात्र ते फी घेत.

त्यांच्याकडे शिकून गेलेल्यांची नावे वाचताना माझे मन दरवेळी भरून येते. बीथोव्हन यांनी इटालियन गीतांना चाल कशी द्यावी हे त्यांच्याकडून शिकून घेतले आणि आपले व्हायोलिन व पियानोसाठीचे पहिले तीन सोनाटा त्यांना अर्पण केले. शूबर्ट दरबारी गायनवृंदात गाणारा मुलगा होता, तेव्हापासून सालिएरी यांच्या नजरेखाली वाढला. गुरूंना व्हिएन्नात येऊन पन्नास वर्षे झाली म्हणून १८१६ साली जो सोहळा झाला, त्यासाठी त्याने स्वतः एक रचना लिहिली. लहानग्या लिस्टला वडील व्हिएन्नात घेऊन आले, तेव्हा त्याच्या पियानोकडे चेर्नी यांनी पाहिले आणि रचनाशास्त्र सालिएरी यांनी शिकवले, तेही वयाची सत्तरी उलटल्यावर. आणि या यादीतले शेवटचे नाव असे की, त्यापुढे विषप्रयोगाची कहाणी टिकूच शकत नाही. मोझार्ट गेले तेव्हा काही महिन्यांचे तान्हे असलेले त्यांचे धाकटे चिरंजीव फ्रान्झ झावेर हेही पुढे सालिएरी यांचेच शिष्य झाले. मोझार्ट यांच्या पत्नी कोन्स्टान्झे पतीच्या कीर्तीला प्राणपणाने जपणाऱ्या बाई होत्या. आपल्या नवऱ्याचा ज्याने घात केला असा जराही संशय असता, तर त्याच माणसाच्या हाती त्यांनी आपला मुलगा सोपवला असता काय?

चित्रपटात यातले काहीही नाही. तिथला सालिएरी ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला, एकाकी आणि कुढणारा आहे. खऱ्या सालिएरी यांनी १७७५ साली लग्न केले आणि त्यांना आठ मुले झाली. तिथला सालिएरी आपल्या रचना विसरल्या जाताना हताशपणे पाहतो. खऱ्या सालिएरी यांच्या ऑपेराने मिलानचे जगप्रसिद्ध ला स्काला नाट्यगृह ३ ऑगस्ट १७७८ रोजी उघडले होते, आणि २००४ साली नूतनीकरणानंतर ते पुन्हा उघडले, तेव्हा रिकार्दो मुती यांनी तोच ऑपेरा सादर केला. पॅरिसमध्ये १७८७ साली त्यांचा ‘तारार’ गाजला. त्याची संहिता ज्या बोमार्शे यांनी लिहिली, त्यांच्याच नाटकावर मोझार्ट यांनी आदल्या वर्षी ‘फिगारो’ रचला होता. पुढच्या वर्षी, १७८८ मध्ये, सालिएरी दरबाराचे प्रमुख संगीतकार झाले आणि १८२४ पर्यंत त्या पदावर राहिले. त्याच सुमारास, म्हणजे १७८७ च्या डिसेंबरात, मोझार्ट यांना दरबारात जी नेमणूक मिळाली, तिचे वार्षिक वेतन ८०० गुल्डन होते, आणि त्यांच्या आधी त्या जागी असलेल्या ग्लुक यांना २००० मिळत असत. मत्सर वाटायचाच असता तर तो कोणाला कोणाविषयी वाटायला हवा होता, हे या आकड्यांवरून उघड आहे.

दोघांमध्ये स्पर्धा नव्हती, असे मी म्हणणार नाही. होती, आणि ती बोचरीही होती. व्हिएन्नाच्या दरबारात इटालियन संगीतकारांचे वजन होते, आणि साल्झबर्गहून नशीब काढायला आलेल्या तरुण मोझार्ट यांना ते पदोपदी जाणवत होते. व्युर्टेम्बर्गच्या राजकन्येला संगीत शिकवण्याचे काम आपल्याला मिळावे अशी त्यांची इच्छा होती. गाणे शिकवण्याचे ते काम सालिएरी यांना मिळाले, तेव्हा १७८१ च्या डिसेंबरात मोझार्ट यांनी वडिलांना कळवले की, बादशहाच्या लेखी सालिएरीशिवाय कोणी नाहीच. ‘फिगारो’च्या वेळी सालिएरी आणि त्यांचे लोक आडवे येत आहेत, असे मोझार्ट यांचे वडील लेओपोल्ड यांनी आपल्या मुलीला लिहिले. ही पत्रे खरी आहेत आणि ती लपवण्याचे कारण नाही. पण एका दरबारात, एकाच बादशहाच्या मर्जीवर आणि त्याच मोजक्या गायक-गायिकांच्या भरवशावर काम करणाऱ्या दोन कलावंतांत जेवढी चढाओढ असायची, तेवढीच ती आहे. आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळ्यांच्या आठवणी वाचल्या तर अशा कुरबुरी पानोपानी सापडतात, आणि त्यांवरून आपण कोणावर खुनाचा आरोप ठेवत नाही.

त्या पत्रांच्या शेजारी इतर कागदही ठेवायला हवेत. नॅन्सी स्टोरेस या गायिकेचा गेलेला आवाज परत आला, तेव्हा ऑपेरांच्या संहिता लिहिणाऱ्या दा पोन्ते यांच्या शब्दांना चाल लावून मोझार्ट आणि सालिएरी यांनी मिळून १७८५ साली एक छोटी रचना केली होती. ती हरवली असे दोनशे वर्षे मानले जात होते. प्रागच्या संग्रहालयात तिची छापील प्रत सापडली आणि २०१६ साली ती पुन्हा वाजवली गेली. ज्या प्रागमध्ये हा चित्रपट घडला, त्याच प्रागमध्ये त्याला उत्तर देणारा हा कागद इतकी वर्षे पडून होता. पुढे ७ फेब्रुवारी १७८६ रोजी बादशहा दुसरा योसेफ याने शोनब्रुन राजवाड्यात एकाच संध्याकाळी दोघांची एकेक छोटी कृती करवून घेतली. जुगलबंदी म्हणावी असा हाच एक प्रसंग आहे, आणि तोही मेजवानीच्या वेळचा.

सगळ्यात बोलका कागद मात्र खुद्द मोझार्ट यांच्या हातचा आहे. मृत्यूला दोन महिनेही उरले नव्हते तेव्हा, १४ ऑक्टोबर १७९१ रोजी, त्यांनी कोन्स्टान्झेला लिहिलेले हे पत्र त्यांच्या उपलब्ध पत्रांपैकी अखेरचे मानले जाते. आदल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता आपण गाडी घेऊन सालिएरी आणि गायिका काव्हालिएरी यांना आणायला गेलो, त्यांना ‘जादूची बासरी’ या आपल्या नव्या ऑपेराला नेले आणि आपल्याच बॉक्समध्ये बसवले, असे त्यात लिहिले आहे. पहिल्या सुरावटीपासून शेवटच्या समूहगानापर्यंत सालिएरी यांनी अत्यंत लक्ष देऊन ऐकले आणि ज्याला ‘ब्राव्हो’ किंवा ‘बेल्लो’ अशी दाद गेली नाही असा एकही तुकडा नव्हता, हे कळवताना त्या पत्रात जो आनंद आहे, तो मैफलीत समोर बसलेल्या जाणकाराची ‘क्या बात है’ कानी पडलेल्या कोणालाही ओळखू येईल. मोझार्ट यांना सालिएरी यांची दाद हवी होती. ती मिळाल्यावर त्यांनी ती बायकोला कळवली. यानंतर सात आठवड्यांनी, ५ डिसेंबरला, ते वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तापाने गेले. नोंदीत पुरळ उठणारा तीव्र ताप असे कारण दिले आहे.

मग ही कहाणी आली कुठून? आपल्याला कोणी विष देत आहे, असे आजारपणात मोझार्ट यांच्या मनाने घेतले होते, असे कोन्स्टान्झे यांनी पुढे सांगितले, आणि अफवेला तेवढे बीज पुरले. १८२३ साली वृद्ध सालिएरी यांची प्रकृती आणि मन दोन्ही ढासळले, तेव्हा त्यांनी स्वतःच गुन्हा कबूल केल्याची वदंता व्हिएन्नात पसरली. बहिऱ्या बीथोव्हनशी लिहून बोलण्याच्या वह्यांतही ती उतरली आहे. मोशेलेस हे सालिएरी यांचे शिष्य त्यांना रुग्णालयात भेटायला गेले, तेव्हा या आरोपात काहीही तथ्य नाही, असे सालिएरी यांनी शपथेवर सांगितले आणि ते जगाला सांगण्याची विनंती केली. ७ मे १८२५ रोजी ते वारले. पाचच वर्षांनी, १८३० मध्ये, पुश्किन यांनी रशियन भाषेत दोघांवर छोटी पद्यनाटिका लिहिली आणि तीत सालिएरींच्या हातून मोझार्टच्या पेल्यात विष घातले. शतक संपता संपता रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी तिचा ऑपेरा केला. नंतर शॅफर, नंतर फॉर्मन. एका मरणासन्न म्हाताऱ्याने जे जगाला सांगायला सांगितले होते, ते मागे राहिले.

कोणी म्हणेल की, कलावंताला कल्पनेचे स्वातंत्र्य असते आणि चित्रपट म्हणजे चरित्रग्रंथ नव्हे. हे मला मान्य आहे. शॅफर यांनी सगळी हकिकत वेड्यांच्या इस्पितळातील एका भ्रमिष्ट म्हाताऱ्याच्या तोंडून सांगितली आहे, म्हणजे ती तशीच्या तशी खरी मानू नका, अशी सोय त्यांनी रचनेतच ठेवली आहे. चित्रपटातला मोझार्टही त्याच्या हातून मरत नाही. माझा रोख पाहून झाल्यावर ती गोष्ट इतिहास म्हणून पुढे सांगणाऱ्या आपल्या सर्वांवर आहे: परीक्षण लिहिणाऱ्यांवर, व्याख्यानात दाखला देणाऱ्यांवर आणि मोबाईलवर दोन मिनिटांची चित्रफीत पुढे पाठवणाऱ्यांवर.

या गैरसमजाने केवळ सालिएरी यांचे नुकसान होत नाही, शिकणाऱ्या मुलांचेही होते, आणि शिक्षिका म्हणून मला त्याची अधिक काळजी वाटते. चित्रपटात मोझार्टची हस्तलिखिते पाहताना सालिएरी थक्क होतो, कारण त्यांत कुठेही खाडाखोड नाही. जणू वरून कोणी सांगत होते आणि हा नुसता उतरवून घेत होता. हा प्रसंग पाहून आलेल्या एका हुशार मुलीने मला विचारले होते की, ज्यांना असे आपोआप येत नाही त्यांनी रियाज करून काय उपयोग. तिला मी जे दाखवले, तेच इथे सांगते. मोझार्ट यांनी १७८५ साली आपली सहा चतुर्वाद्य रचनांची मालिका हायडन यांना अर्पण केली, आणि अर्पणपत्रिकेत ती दीर्घ व कष्टाच्या परिश्रमांचे फळ असल्याचे स्वतः लिहिले. त्या रचनांच्या हस्तलिखितांत दुरुस्त्या आहेत, खोडलेल्या जागा आहेत. त्यांची कच्ची टिपणेही उपलब्ध आहेत. त्यांची स्मरणशक्ती आणि वेग अलौकिक होता हे खरेच, परंतु लहानपणापासून वडिलांनी दिलेली कडक तालीम आणि बाखपासून हायडनपर्यंतच्या रचनांचा अभ्यास वजा केला तर तो मोझार्ट उरत नाही. चित्रपटाने एका बाजूला कष्ट न करणारा देवाचा लाडका ठेवला आणि दुसऱ्या बाजूला कष्ट करूनही कोरडा राहिलेला मत्सरी. प्रत्यक्षात दोघेही कष्टाळू होते, दोघांनाही गुरू लाभले होते, आणि त्यांतील एक स्वतः फार मोठा गुरू झाला. शिकवणे हे ज्याला काही सुचत नाही त्याचे काम, अशी समजूत आपल्याकडेही आहेच; तिला या चित्रपटाने नकळत बळ दिले आहे.

‘रिक्विएम’ या अखेरच्या अपुऱ्या रचनेचीही गोष्ट अशीच. पडद्यावर आजारी मोझार्ट ती सालिएरीला रात्रभर सांगून लिहवतो, आणि चित्रपटातला हा सर्वांत प्रभावी प्रसंग आहे. चाल मनात कशी रचली जाते, हे इतके उलगडून क्वचितच दाखवले गेले असेल. प्रत्यक्षात काळा मुखवटा लावून सालिएरी कधी मोझार्टच्या दारी गेले नाहीत. वाल्झेग नावाच्या सरदाराने आपल्या तरुण पत्नीच्या स्मरणार्थ, नाव गुप्त ठेवून, मध्यस्थामार्फत ती रचना मागवली होती, आणि मोझार्ट यांच्यानंतर ती झ्युस्मायर यांनी पूर्ण केली.

हा विषय दूरच्या देशातला म्हणून सोडून देता येणार नाही, कारण हाच साचा आपल्याकडेही वापरला जातो. १९५२ सालच्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात तानसेन आणि बैजू यांची जी स्पर्धा आहे, तिला दंतकथेपलीकडे आधार नाही. तरी तानसेन गर्विष्ठ होता आणि हरला, हे लोक आजही खात्रीने सांगतात. त्या प्रसंगात बैजूसाठी पं. द. वि. पलुस्कर गायले आणि तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ. ज्यांचे बालपण आपल्या नाशिकशी जोडलेले आहे त्या बापूरावांचा, म्हणजेच द. वि. पलुस्करांचा, तो स्वर ऐकताना कोण जिंकले याचा विचारही मनात येत नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ मध्ये पंडितजी आणि खाँसाहेब यांचे वैर आहे, पण दारव्हेकरांनी संस्थान काल्पनिक घेतले आणि माणसेही काल्पनिक घेतली, त्यामुळे नाटक तेवढेच धारदार राहिले आणि खऱ्या कोणाची बदनामी झाली नाही.

आता असे समजा की, उद्या कोणी पं. विष्णु दिगंबर पलुस्कर आणि पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्यावर भव्य चित्रपट काढला. साहित्य भरपूर आहे. एक कीर्तनकाराच्या घरातला, लहानपणी फटाक्याने डोळे अधू झालेला, लाहोरला १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढणारा गायक. दुसरा मुंबईचा वकील, देशभर फिरून घराण्यांच्या बंदिशी मिळवणारा, दहा थाटांत रागांची मांडणी करणारा, बडोद्याला १९१६ साली संगीत परिषद भरवणारा शास्त्रकार. दोघांच्या संस्था वेगळ्या, स्वरलिपी वेगळ्या, संगीताचा उद्धार कोणत्या वाटेने व्हावा याविषयीची मते वेगळी. यातून एकाला देवमाणूस आणि दुसऱ्याला कपटी करणे कोणाही पटकथाकाराला अवघड नाही, आणि मतभेदांची अस्सल पत्रेही हाताशी असतील. ज्या पंचवटीत विष्णु दिगंबरांनी उत्तरायुष्यात रामनाम आधाराश्रम चालवला आणि मुलांना ठेवून घेऊन गाणे शिकवले, त्या पंचवटीतल्या माणसांना ते चालेल काय? आज माझ्या वर्गातली मुले परीक्षेच्या तयारीसाठी दोन्ही लिपी शिकतात. कोमल स्वराखाली भातखंडे पद्धतीने आडवी रेघ ओढतात, तीव्र मध्यमावर उभी रेघ देतात, आणि त्याच वहीच्या पुढच्या पानावर पलुस्कर पद्धतीने तोच ठेका मांडतात. दोन्ही विष्णूंची भांडणे त्यांच्या वहीत नाहीत. दोघांचे काम आहे. व्हिएन्नातही तेच झाले. तेथील मोझार्ट आणि सालिएरी यांचे काम बीथोव्हन आणि शूबर्ट यांच्यापर्यंत एकत्रच पोहोचले.

माझ्या विनंत्या थोड्या आहेत. पुरवणीतील ते विधान ही नाटककाराची कल्पना आहे, असा खुलासा आपण छापावा. नाशिकमध्ये चित्रपट रसिकांची मंडळे आहेत, वाचनालये आणि महाविद्यालये अभिजात चित्रपट दाखवतात. त्यांनी ‘अमाडेउस’ जरूर दाखवावा, परंतु सुरुवातीला दहा मिनिटे खरी हकिकत सांगावी आणि शेवटी सालिएरी यांची स्वतःची एखादी रचना ऐकवावी. त्यासाठी मी एक सुचवते. ‘ला फोलिया’ या जुन्या छोट्या धूनवर त्यांनी १८१५ साली वाद्यवृंदासाठी सव्वीस बदलती रूपे (व्हेरिएशन्स) रचली. धून तीच राहते. कधी वीणेसारखे हार्प ती घेते, कधी एकटे व्हायोलिन, कधी पितळी वाद्ये, आणि दरवेळी तिचा चेहरा पालटतो. एकाच बंदिशीची बढत ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या श्रोत्यांना पाश्चात्त्य संगीताचे काही शिक्षण नसतानाही ती समजेल, असा माझा अनुभव आहे. पासष्टीला आलेल्या त्या माणसाला वाद्यांच्या रंगांची किती जाण होती, हे कळल्यावर ‘सामान्य’ हा शब्द कोणी वापरणार नाही. असा कार्यक्रम कोणी ठरवल्यास प्रास्ताविक मराठीत करायला आणि माझ्या वर्गातील मुलांना घेऊन यायला मी तयार आहे. आपल्यामार्फत निरोप मिळाला तरी पुरेसे आहे.

आपली विश्वासू,
एक संगीत शिक्षिका,
पंचवटी, नाशिक